आईच्या अक्षरातला कागद

"वन्सं, हिला जास्त वाढू नका हं. ताई जेवते ना, बस तेवढंच."

मामीचा आवाज बाहेरच्या खोलीतून आला तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते आणि माझ्या तोंडाला बासुंदीची वाटी होती. दुसरी. पुऱ्या तळून झाल्या होत्या, आई पानं वाढत होती आणि मला लिंबं चिरून आणायला सांगितलं होतं. दोन लिंबं चिरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी दोन वाट्या बासुंदी पिऊ शकते. खाणं मला नीट जमत नाही, पिणं जमतं. मी वाटी विसळून पालथी घातली, ओढणीने तोंड पुसलं आणि लिंबाच्या फोडी घेऊन बाहेर गेले.

मामेबहिणीचं केळवण होतं. लग्नाला दोन महिने होते आणि आत्याचा मान पहिला, म्हणून पहिलं केळवण आमच्याकडे. आईने तिच्या ताटाभोवती डायनिंग टेबलावरच रांगोळी काढली होती, त्यामुळे कोपर टेकवायची कुणाची हिंमत नव्हती. ताटात दोन चमचे मसालेभात, अर्धी पुरी, एक अळूवडी, वांग्याची एक फोड आणि वाटीच्या तळाशी बासुंदी. तिच्यासमोर माझं ताट. त्यातही तेवढंच.

"बघा, जुळ्या बहिणी," मामी म्हणाली.

"क्या बात है," बाबा म्हणाले. काही म्हणायचं नसलं की ते हेच म्हणतात.

बहीण माझ्याकडे बघून हसली. पूर्वी तिचे गाल हसताना डोळ्यांपर्यंत जायचे. आता हसली की आधी गळ्याच्या शिरा दिसतात. तिने चमचा उचलला, चार दाणे भात तोंडात घातला आणि चावायला लागली. किती वेळा चावलं ते ती मोजत होती. तिचे ओठ हलत नव्हते पण मला कळत होतं, कारण मीही मोजते.

फरक एवढाच होता की माझ्या पोटात तेवढंच मावतं.

चार वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. पोटाचा बराचसा भाग कापून काढतात आणि जे उरतं ते अरुंद नळीसारखं असतं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं, शर्टाच्या बाहीच्या आकाराचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, एकशे बारा किलोची. जिन्याचे दोन मजले चढले की मला बोलता यायचं नाही, आणि मी बोलत नाही यात कुणाला काही नवल वाटत नसे, म्हणून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. शुगर वर गेली तेव्हा लक्षात आलं.

ऑपरेशनचं आम्हा तिघांनाच माहीत होतं. बाकी सगळ्यांना आईने सांगितलं की पित्ताचे खडे होते. खडे म्हटलं की पथ्य आलं, पथ्य आलं की माणूस बारीक होणार, आणि कुणी पुढे विचारणार नाही. आईने सगळा विचार केला होता. लग्नाच्या मुलीचं पोट कापलंय हे कळलं तर काय, ही एक भीती होतीच. पण खरी भीती दुसरी होती, आणि ती तिने हॉस्पिटलच्या खोलीत, माझ्या पायांवर पांघरूण घालता घालता बोलून दाखवली होती. "लोक म्हणतील, एवढंसं तोंड आवरता नाही आलं हिला."

सहा महिन्यांत मी तीस किलोने उतरले आणि लोक दुसरंच म्हणायला लागले. हळदीकुंकवाला गेलो की बायका माझ्या दंडाला हात लावून बघायच्या. "काय केलंस गं बेटा? आम्हालाही सांग की." मी काही सुचायची वाट बघत उभी राहायची. माझी शाळा इंग्रजी, शाळेबाहेर सगळं हिंदी, त्यामुळे नातेवाइकांच्या मराठीत मला पटकन उत्तर येत नाही; येईपर्यंत आई बोललेली असते. "जिभेवर ताबा, दुसरं काय," आई म्हणायची. "मनावर घेतलं पोरीने." आणि मी खाली बघायची. त्यांना तो माझा विनय वाटायचा.

हळूहळू आईलाही ते खरं वाटायला लागलं असावं. नाहीतर तिने तो कागद दिला नसता.

हॉस्पिटलमधून घरी येताना आहाराचा एक छापील कागद मिळाला होता. पहिले दोन आठवडे पाणीदार, मग वाटलेलं, मग चौथ्या आठवड्यापासून मऊ. दोन चमचे खिचडी. पाव वाटी दही. अर्धी वाटी घोटलेलं वरण, एकेक घास वीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही, आधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. कापलेलं पोट शिवणीवर बरं होत असतं, म्हणून हे सगळं. मागच्या पावसाळ्यात बहिणीचं लग्न ठरलं आणि मामीने आईच्या मागे लकडा लावला, "वन्सं, ताईचा डाएट द्या ना हिला." आई दोन दिवस टाळत राहिली. मग डायरीच्या एका पानावर तिने तो मऊ आहाराचा रकाना उतरवून काढला. वर हॉस्पिटलचं नाव नाही, आठवडे नाहीत, ऑपरेशनचा शब्द नाही. आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती. तिच्या सुंदर, वळणदार अक्षरात तो कागद एखाद्या स्तोत्रासारखा दिसत होता. खाली तिने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती: मनावर घेतलं की सगळं जमतं.

मला हे कळलं ते बहिणीच्या मेसेजवरून. तिने एका छोट्या वाटीचा फोटो पाठवला होता. वाटीत खिचडी. खाली लिहिलं होतं, "ताई, दोन चमचे, डन!" त्या फोटोच्या कडेला आईचं अक्षर दिसत होतं. मी ऑफिसात होते. पोलोग्राउंडच्या मागे पॅकिंगची यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते, इंग्रजीत. कुठला स्क्रू किती घट्ट करायचा, काय केल्यास काय बिघडेल. मी तो फोटो बराच वेळ बघितला. मग अंगठा पाठवला.

तो अंगठा मी मागे घेऊ शकले असते. त्यानंतर तिने रोज फोटो पाठवले आणि मी रोज अंगठा पाठवला.

आता माझ्या खाण्याबद्दल सांगते. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष मला भूक नव्हती. सकाळी उठल्यावर दिवसभराच्या खाण्याचा विचार डोक्यात नसायचा. सराफ्याच्या खाऊगल्लीतून जाताना मला फक्त रस्ता दिसायचा, दुकानांचे रंग दिसायचे. मला वाटलं, बाकीचे लोक असेच जगत असणार, आणि मला आता त्यांच्यात घेतलंय. केस गळले, मूठ मूठ गळले, थंडी सोसेनाशी झाली, दंडाची कातडी लोंबायला लागली. ते सगळं मी चालवून घेतलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका दुपारी, ऑफिसात, संगणकासमोर, भूक परत आली. अगदी ओळखीची. लहानपणी शाळेतून येताना रिक्षात लागायची तीच. मी डबा उघडला, मुगाचं धिरडं होतं, चार घास खाल्ले आणि पाचवा छातीच्या मधोमध अडकला. तोंडाला पाणी सुटतं, फेस येतो, उठून बेसिनपाशी जावं लागतं. परत आले तेव्हा भूक तिथेच बसलेली होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी शेवेची पुडी उघडून ठेवली होती. मी चिमूटभर तोंडात टाकली. ती विरघळली. अजून चिमूटभर टाकली.

जे खायला हवं ते अडकतं आणि जे खायला नको ते उतरतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाही मला आठवत नाही. बहुतेक सांगितलं असेल. पोळी अडकते, पनीर अडकतं, उसळ अडकते. रविवारी बाबा पोहे-जिलेबी आणतात. पोहे चौथ्या घासाला अडकतात, जिलेबी अडकत नाही. शेव, चिक्की, चहात बुडवलेली बिस्किटं, दुधाची शिकंजी, आइसक्रीम वितळवून. माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फाइलींच्या मागे हे सगळं असतं. मी एका वेळी कधीच जास्त खात नाही, खाऊच शकत नाही. मी फक्त थांबत नाही. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, दर पंधरावीस मिनिटांनी एक चिमूट. समोर बसणारा सहकारी म्हणतो, "मॅडम, आप तो कुछ खाती ही नहीं हो. हवा पे चल रही हो क्या?" मी हसते.

घरी सगळ्यांसोबत मी छोट्या वाटीत, छोट्या चमच्याने जेवते. नंतर सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या घेते, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं; त्या जन्मभर घ्यायच्या आहेत. जेवणं आणि गोळ्या, दोन्ही मी अगदी नियमाने करते. म्हणून आईला कळत नाही. किंवा कळतं आणि ती बोलत नाही. मध्ये एकदा तिने माझ्या कुर्त्याच्या बाजूच्या शिवणी न विचारता उसवून सैल केल्या आणि घडी करून कपाटात ठेवून दिल्या.

सगळ्यात कमी होतं तेव्हा माझं वजन अडुसष्ट होतं. आता सत्त्याहत्तर आहे. तपासणीला मी नियमाने जायची. तिथली आहाराची मॅडम विचारायची, "क्या क्या खा रही हो?" आणि मी तो छापील कागद जवळजवळ पाठ म्हणून दाखवायची. वजन वाढायला लागलं तसं मी जायचं बंद केलं. जायला पाहिजे होतं नेमकं तेव्हाच.

खजरान्याला गणपतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक नवसाचं उलटं स्वस्तिक काढतात, आणि काम झालं की परत येऊन सरळ काढतात. माझ्या ऑपरेशनच्या आधी आईने ते उलटं काढलं होतं. मी अडुसष्टवर आले त्या आठवड्यात ती मला घेऊन गेली. गर्दी होती, एक बाई आम्हाला ढकलत होती, आईने कुंकवाचं बोट भिंतीला लावून सावकाश सरळ स्वस्तिक काढलं आणि माझ्या कपाळावरही तेच बोट लावलं. तिला एवढी निवांत मी कधी पाहिली नव्हती. आता वाटतं, सरळ काढलेलं परत उलटं करायची काही रीत आहे का? विचारावं कुणाला?

बहीण आमच्याकडे केळवणाला आली त्याच्या आठ दिवस आधी ती राजवाड्याच्या बाजारात साड्या घ्यायला गेली असताना दुकानातच बसल्या जागी कलंडली. दुकानदाराने पाणी मारलं, साखर खायला दिली. मामीने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात काळजी होती, पण थोडा अभिमानही होता. "बीपी लो झालं म्हणे. एवढी सिन्सियरली करून राहिली आहे ना पोरगी." त्या संध्याकाळी बहिणीने मला फोन केला. साड्यांबद्दल बोलली, होणाऱ्या नवऱ्याबद्दल थोडं बोलली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? तुझेपण केस गळले होते ना?"

"हो," मी म्हणाले.

"खूप?"

"हो."

"मग बरोबर चाललंय माझं," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडल्याचं मला फोनवरही कळलं.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी वाक्य जुळवत होते. इंग्रजीत तयार होतं, मराठीत होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न भाषेचा नव्हता. सांगितलं तर मी परत ती होणार होते, जिला एवढंसं तोंड आवरता आलं नाही. आणि आता तर दुसऱ्यांदा. ती म्हणाली, "चल, ठेवते, झोपते लवकर, झोपलं की भूक कळत नाही." फोन बंद झाला.

आणि आता ती माझ्यासमोर रांगोळीच्या मधोमध बसली होती.

आई पुऱ्यांचं ताट घेऊन फिरत होती. केळवणात वाढणारीने आग्रह नाही केला तर ते केळवण कसलं. "वहिनी, अहो एक तरी. आमच्या हातची आवडली नाही का?" मामी हाताने ताट झाकायची, आई बोटांच्या फटीतून पुरी सरकवायची, दोघी हसायच्या. बाबांना बासुंदी, नको नको म्हणताना. ज्या मुलीचं केळवण तिच्या ताटापाशी मात्र आईचा हात थांबायचा आणि पुढे जायचा. माझ्याही.

बहिणीने अर्धी पुरी अर्धी ठेवली होती. ती बासुंदीकडे बघत होती. ते बघणं मला पाठ आहे. डोळे वाटीवर नसतात, वाटीच्या जरा बाजूला असतात. चमचा धरलेला हात रांगोळी पुसू नये म्हणून तिने अधांतरी धरला होता. तिला ठसका लागला. मी पाण्याचा पेला पुढे केला.

"नको ताई," ती डोळे पुसत म्हणाली. "जेवताना पाणी नाही. मला माहितीये."

"शाब्बास," मामी म्हणाली. मग आईकडे वळली. "अजून सात किलो हवेत, वन्सं. ब्लाउज शिवायला टाकायचेत, टेलर म्हणतो आत्ताचं माप देऊ नका. मी तर हिला म्हणते, आता दोनाचा एक चमचा कर. ताईने काय केलं नसेल? शिक जरा तिच्याकडून."

बहिणीने मान हलवली. एक चमचा. तिने ते मान्य केलं होतं.

"मामी, तो कागद डाएटचा नाहीये," मी म्हणाले.

माझा आवाज इतका लहान होता की बाबांनी "काय?" विचारलं. आई माझ्यामागे होती. तिच्या हातातलं ताट टेबलाला लागल्याचा आवाज आला.

"हॉस्पिटलचा आहे," मी म्हणाले. "ऑपरेशननंतरचा. माझे खडे नव्हते. माझं पोट कापलंय म्हणून मी एवढं जेवते. तिचं कापलेलं नाही. तिला पोटभर जेवू द्या."

आई आत निघून गेली नाही, जाईल असं मला वाटलं होतं. ती तिथेच उभी राहून टेबलावरची रांगोळी बघत राहिली. मामीने आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग पोटाकडे, मग परत चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती रागावेल, बहीण रडेल, आई मला कधी माफ करणार नाही, पण निदान ती पुरी तरी संपेल.

मामी रागावली नाही. तिने खुर्ची आईच्या बाजूला सरकवली.

"मग आधी नाही का सांगायचं, वन्सं? उगाच पोरीला चार महिने उपाशी मारलं," ती हळू आवाजात म्हणाली. "किती दिवस लागतात त्या ऑपरेशनला? म्हणजे लग्नाआधी होऊन जाईल ना?"

मी बहिणीकडे बघितलं. ती रडत नव्हती. आल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं. तिने चमचा खाली ठेवला आणि रांगोळीवरून माझ्याकडे वाकली. तिची ओढणी रांगोळीत घासली गेली, ते तिला कळलंही नाही.

"ताई," ती म्हणाली, "म्हणजे तुला भूक लागतच नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आईसुद्धा.

"लागते," मी म्हणाले. "रोज लागते. नऊ किलो परत आलेत माझे. आणि आत्ता लिंबं चिरायला गेले होते ना, तेव्हा आत उभ्याने दोन वाट्या बासुंदी पिऊन आलेय."